लिहिलेली बाजू आत

३ मार्च

प्रिय खारूताई,

फोन करत नाही, कारण फोनवर तुझा आवाज नेमका तुला सोयीच्या वेळी तुटतो. कागदावर ती सोय नाही.

काल दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. उजवीकडची दाढ. इंजेक्शन देऊन त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं, तोंड बधिर होईपर्यंत. भिंतीवरच्या रेडिओवर गाणं लागलं. मागे पियानो, आणि एक मुलगी धापा टाकत गात होती. तीन मजले चढून आली असावी. आजकाल यालाच भावना म्हणतात. मी लक्ष देत नव्हते. मग हे ऐकू आलं:

'कुणी सोडायची नोकरी, नाणं उडवून ठरवू,
चहा करील जो जागा आधी, सोंग कशाला मिरवू.'

आणि मग धृपद:

'तू रडलास तर सांगणार नाही मी कुणाला,
मी रडले तर विचारशील ना, कशाला?'

मी उठून उभी राहिले. बोलायला गेले तर ओठ हलेना. शेजारच्या बाईंना वाटलं मला झटका आला. त्यांनी मला पाणी पाजलं, ते सगळं पदरावर सांडलं.

ही वाक्यं माझी आहेत. तुला माहीत नाही म्हणून सांगते, आणि माहीत असेल तर माहीत नसल्यासारखं वाच. एकेचाळीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या मजल्यावर स्टेनो होते. तिसऱ्या मजल्यावर नकाशे काढणारा विभाग होता. तिथे एक ड्राफ्ट्समन होते, त्यांना सगळे 'नकाशे' म्हणत. कानावर कायम पेन्सिल. त्यांनी मला लग्नाचं लेखी विचारलं, आणि खाली लिहिलं, 'तुमच्या काही अटी असतील तर कळवाव्यात.' मी कळवल्या. चार होत्या, टाइप करून, सही करून, स्वतः टपालपेटीत टाकल्या. उत्तर आलं नाही. नंतर लिफ्टमध्ये दिसले की ते आकडे लावलेल्या बटणांकडे बघायचे, जणू तिथे काही नवीन छापलंय. महिन्याभरात मी दुसऱ्या इमारतीत बदली मागून घेतली.

म्हणजे मी बोलले, त्यांनी वाचलं, आणि पुरुषाला झेपलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी एकेचाळीस वर्षं मान ताठ ठेवून राहिले आहे. तुझी आई मला हट्टी म्हणायची, शेजारी शिष्ट म्हणायचे, मला चालायचं. मी बोलले होते.

ते पत्र जगात दोनच ठिकाणी आहे. मूळ प्रत त्यांच्याकडे, कार्बन कॉपी माझ्या फायलीत. माझी मी कुणाला दाखवली नाही. म्हणजे त्या माणसाने म्हातारपणी माझं पत्र कुणा गाणंवाल्याच्या हाती दिलंय. तू साबणाच्या आणि पंख्याच्या जाहिरातींची गाणी लिहितेस, त्या लोकांत तुझी ऊठबस आहे. हे कुणी लिहिलं ते शोधून काढ.

या पत्राची प्रत माझ्याकडे आहे.

तुझी मावशी


११ मार्च

प्रिय मावशी,

दाढ कशी आहे? काढली की ठेवली? गुडघा परत दुखत नाही ना? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिवसातून दोनदा चालायला सांगितलं होतं, चालतेस की नुसती खिडकीतून चालणाऱ्यांवर लक्ष ठेवतेस?

गाण्याचं विचारलं मी. त्याच्याखाली नुसतं 'घार' असं टोपणनाव आहे. ही घार कोण ते कंपनीत कुणालाच नक्की सांगता येत नाही. या धंद्यात असं असतं. चार जण मिळून लिहितात, पाचवा नाव लावतो.

आणि मावशी, रागावू नकोस, पण अशा गोष्टी प्रत्येक बाईच्या मनात असतात गं. चहा कोण करणार, नोकरी कोण सोडणार. दोघींना एकच सुचू शकतं. त्या बिचाऱ्या गृहस्थांवर कशाला संशय घ्यायचा? त्यांनी तो कागद ठेवला तरी असेल का? इतक्या वर्षांत तो घड्यांवर चिरला असेल, उलगडायलासुद्धा भीती वाटावी असा.

गाणं मात्र लोकांना खूप आवडलंय. आमच्या ऑफिसातल्या दोन मुलींनी ते ऐकून आपापल्या मित्रांशी भांडण काढलं.

तुझी,
खार


१६ मार्च

खारूताई,

दाढ काढली. तुझं पत्र तिच्याहून जास्त दुखलं.

मी एकोणतीस वर्षं वरिष्ठांची डिक्टेशनं घेतली. खोटं बोलणारा माणूस आधी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करतो, हे मी पहिल्या वर्षीच शिकले. तू साडेतीन ओळी माझ्या दाढेवर आणि गुडघ्यावर घालवल्यास. तू एरवी 'कशी आहेस' असंसुद्धा विचारत नाहीस, सरळ 'काही खायला आहे का' म्हणतेस.

पुढे. कागद घड्यांवर चिरला असेल, उलगडायला भीती वाटावी असा. हे तू कुठे पाहिलंस? कागद पिवळा पडला असेल, असं कुणीही म्हणतं. घड्यांवर चिरलेला हा बघितलेला कागद आहे.

मी ते गाणं परत ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या मुलीने तिच्या फोनवर लावून दिलं. तिला वाटलं म्हातारीला आवडलंय, तिने तीनदा लावलं. तीनही वेळा शेवटचं कडवं नीट ऐकलं:

'लिहिलं होतं सगळं, घडी करून ठेवलं,
धाडायचं धाडस तेवढं राहूनच गेलं.'

आता विचार कर. नकाश्यांनी गाणं लिहवून घेतलं असतं तर 'धाडलं नाही' असं ते कसं म्हणतील? त्यांच्या हातात पत्र पडलं होतं. ते 'आलं, वाचलं, घाबरलो' म्हणतील, फार तर 'बाई भयंकर होती' म्हणतील. पत्र धाडलंच नाही असं फक्त त्यालाच वाटेल, ज्याने ते माझ्या घरात पाहिलं. माझ्या घरात कपाटापर्यंत गेलेली एकच व्यक्ती आहे, आणि लहानपणापासून तिला डब्यांची झाकणं उघडायची खोड आहे. खार हे नाव मीच ठेवलं. घार तू स्वतः ठेवलंस. बढती चांगली आहे.

वाचलंस म्हणून मी रागावले आहे. पण त्याहून जास्त कशाने रागावले आहे ते ऐक. तू मला भित्री केलंस. गावभर धापा टाकणाऱ्या मुलीकडून सांगवलंस की मी लिहिलं आणि पाठवलं नाही. मी पाठवलं. दुपारच्या सुट्टीत, उन्हात, स्वतः चालत जाऊन.

खुलासा लेखी हवा. प्रत माझ्याकडे आहे.

मावशी


२४ मार्च

प्रिय मावशी,

हो. मीच.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू गुंगीत मला म्हणालीस, 'कपाटातली निळी फाईल आण.' दवाखान्याची फाईल हिरवी होती, ती मला नंतर सापडली. निळीच्या तळाशी एक पाकीट होतं. बंद नव्हतं. उघडलं ते माझं चुकलं. पण मावशी, मी ते वाचून स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. मी सत्तावीस वर्षांची आहे, माझा एक मित्र आहे, चार वर्षं झाली. लग्न झालं तर कुणी काय सोडायचं हे मी त्याला अजून एकदाही विचारलेलं नाही. तो विचारेल म्हणून थांबले आहे. आणि तू चोविसाव्या वर्षी मुद्दे घालून टाइप केलं होतंस.

गाणं त्या आठवड्यातच झालं. तुला सांगायला हवं होतं. तुला ओळखते म्हणून नाही सांगितलं.

पण एक गोष्ट मी खोटी लिहिली नाही. तू म्हणतेस पाठवलं. मग तुझ्याकडे आहे ते काय आहे? त्या कागदावर तुझी सही आहे, निळ्या शाईची, खऱ्या पेनची. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा ओली असताना घडी पडली, त्याचा डाग समोरच्या भागावर उठलाय. कॉपीवर कुणी शाईने सही करतं का? तूच मला सांगायचीस, सही मूळ प्रतीवर आणि फक्त मूळ प्रतीवर.

आणि अजून एक. त्या कागदाच्या मागच्या बाजूला सगळा मजकूर उलटा उमटलाय. मी तो न्हाणीघरातल्या आरशासमोर धरून वाचला. तोच मजकूर, शब्द न् शब्द. हे काय असतं मला माहीत नाही. मला वाटलं, तू इतकी घाबरली होतीस की कागद कुठल्यातरी ओल्या शाईवर ठेवलास.

म्हणून मला वाटलं पाठवलं नाहीस. आणि म्हणून तर ते गाणं झालं.

तुझी,
खार


२७ मार्च

खार,

फाईल काढली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मानी माणसं आपली कागदपत्रं परत उघडत नाहीत, सांभाळतात फक्त.

तू म्हणतेस तसंच आहे. ओली शाई वगैरे काही नाही. कार्बन पेपर उलटा घातला होता. काळी बाजू खालच्या कोऱ्या कागदाकडे हवी, ती वरच्या कागदाच्या पाठीकडे गेली. मग मजकूर पत्राच्याच मागे उलटा उमटतो आणि कॉपीचा कागद कोरा राहतो. पहिल्या महिन्यातल्या पोरी ही चूक करतात. मला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

ऑफिसच्या कामात ही चूक लगेच दिसते, कारण कॉपीचा कागद पिवळा आणि पातळ असतो. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने आम्हाला शिकवलं होतं की ऑफिसची टाचणीसुद्धा खाजगी कामाला वापरली तर ती चोरी. म्हणून मी दुकानातून स्वतःचं पॅड आणलं, आणि पत्र व प्रत दोन्ही त्याच पांढऱ्या कागदावर. आणि सिस्टरनेच शिकवलं होतं, पत्राची घडी घालताना लिहिलेली बाजू आत, म्हणजे परक्याची नजर पडत नाही. सही केली, साहेबांची घंटा वाजली. दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या. एक टपालाच्या पाकिटात; ज्याच्या पाठीवर कार्बनचा काळेपणा दिसला तो प्रत समजून फायलीतल्या पाकिटात. लिहिलेली बाजू आत.

फायलीत पत्र गेलं.

पाकिटात काय गेलं ते तुझं तू समज. मी आत्ता लिहू शकत नाही.

शेवटच्या कडव्याबद्दल तुला जे बोलले त्यातलं निम्मं परत घेते. कुठलं निम्मं ते नंतर सांगेन.

मावशी


२८ मार्च

श्रीयुत नकाशे,

हे तुमचं आडनाव नाही, पण दुसऱ्या मजल्यावर तुम्ही याच नावाने ओळखले जायचात. पत्ता निवृत्त कर्मचाऱ्यांच्या यादीतून घेतला. मी दुसऱ्या मजल्यावरची स्टेनो. आठवत नसेल तर पत्र इथेच बंद करावं.

एक विचारायचं आहे, आणि स्पष्ट उत्तर हवं. एकेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही मला अटी विचारल्या होत्या. त्यावर तुमच्या हाती माझ्याकडून नेमकं काय आलं? आठवणीवर जाऊ नका, माणसाची आठवण त्याच्या बाजूने साक्ष देते. काही आलं असेल आणि ते तुमच्याकडे अजून असेल, तर पाठवा. नसेल तर नाही म्हणून कळवा. काहीतरी गोड रचून लिहू नका. मला लगेच कळतं.

सोबत माझ्या चार अटींची नक्कल जोडली आहे. रेडिओवर गाणं ऐकलं असेल तर ओळखीच्या वाटतील. त्या आधी मी लिहिल्या, गाणं नंतर आलं.

प्रत माझ्याकडे आहे. या वेळी तपासली आहे.

आपली,
स्टेनो, दुसरा मजला


९ एप्रिल

प्रिय टकटक,

हे नाव तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या यंत्राचा आवाज जिन्यावरून वर यायचा, म्हणून आमच्या विभागात तुम्ही टकटक. चालत नसेल तर खोडून वाचा.

पत्र आठवडाभर टेबलावर ठेवलं. मोठ्या मुलाला वाटलं आयकर खात्याचं आहे.

माझ्या हाती आलेला कागद सोबत पाठवतो. तो कोरा आहे. पाकिटावर माझं नाव तुमच्या यंत्रावर टाइप केलेलं, आत हा कोरा कागद, तीन घड्यांचा. मी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. आईला दाखवला. आई म्हणाली, 'कोरा पाठवला म्हणजे काही अट नाही, तुम्ही लिहाल ते मान्य. अशीच सून पाहिजे मला.' तिला फार आनंद झाला. मी मात्र घाबरलो. माझ्या नकाशाखालच्या टिपेत एक स्वल्पविराम चुकला म्हणून तुम्ही जिना चढून वर आला होतात. तुमची काही अट नाही हे मला पटेना. मग वाटलं, ही थट्टा आहे. 'विचारलंस ना, घे उत्तर' अशी. आणि थट्टा केली तर पुरुषाने परत विचारायचं नसतं, असं माझ्या डोक्यात होतं. कुणी घातलं ते सांगता येत नाही. बाईने पहिलं विचारायचं नसतं, पुरुषाने दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. लिफ्टमध्ये तुम्ही बोलाल म्हणून मी बटणं मोजत उभा राहायचो. आठ होती.

पुढे आईने पाहिलेल्या मुलीशी लग्न झालं. चांगली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

तुमच्या अटी आता वाचल्या. गोड लिहू नका म्हणालात म्हणून खरं लिहितो. पहिली, नोकरीसाठी नाणं उडवायची, मी नाणं उडवलं असतं आणि आईच्या बाजूने पडलं नसतं तर परत उडवलं असतं. दुसरी, चहाची, शिकलो असतो. तिसरी, म्हणजे माझी आई तुमच्याबद्दल बोलली तर तिला उत्तर मी द्यायचं आणि तुमच्या आईला तुम्ही, ही मी पहिल्या आठवड्यात मोडली असती. चौथी पाळली असती, असं वाटतं. नक्की सांगता येत नाही, मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

कागद का ठेवला, हे विचारू नका. नकाशांच्या मोठ्या पुस्तकात ठेवला होता, म्हणून सपाट राहिला.

तुमचा,
नकाशे


१४ एप्रिल

श्री. नकाशे,

'टकटक' खोडलेलं नाही. मान्य केलंय असंही समजू नका.

कागद मिळाला. मी आधी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. कोरा कागद कुठल्याही दुकानात मिळतो, आणि गाणं ऐकून कुणालाही गोष्ट रचता येते. म्हणून मी तो खिडकीत नेला आणि उजेडात तिरका धरला.

तुम्हाला यंत्राबद्दल माहीत असेल असं मी धरून चालले होते. माझं यंत्र जुनं होतं आणि त्या दिवशी मी रागात होते. तुमच्या 'कळवाव्यात' या शब्दाचा राग. किल्ली जोरात आपटली की तिचा ठसा वरच्या कागदातून, कार्बनमधून, खालच्या कागदावर उठतो. शाई नसली तरी खड्डा पडतो. पूर्णविरामांना तर आरपार भोकं पडली आहेत. एकूण एकोणीस पूर्णविराम. तुमच्या कोऱ्या कागदाला एकोणीस भोकं होती, आणि तुम्ही तो दोन्ही बाजूंनी पाहिलात.

मग मी पेन्सिल घेतली. मऊ शिशाची, आडवी धरून, कागदावर हलकेच फिरवली. खड्ड्यात शिसं जात नाही. एकेक ओळ पांढरी वर आली. अट पहिली. अट दुसरी. तिसरी जरा पुसट आहे, तिथे तुमच्या पुस्तकाची घडी लागली असावी. चौथी सगळ्यांत स्पष्ट आहे: 'मी रडले तर कारण विचारावं. तुम्ही रडलात तर मी कुणाला सांगणार नाही.'

म्हणजे मी बोलले होते. आवाज तुमच्या घरापर्यंत पोचलाही होता. मी कार्बन उलटा घातला, ती माझी चूक, ती मी माझ्या नावावर घेते. पण तुमच्या कानावर जन्मभर पेन्सिल होती, नकाशे. डोंगरांच्या छाया तुम्ही तीच आडवी धरून काढायचात. त्या कागदावर एकदा फिरवली असतीत तर पुरे होतं. तुम्ही कागद आईला दाखवलात.

तिसरी अट तुम्ही मोडली असती हे खरं लिहिलंत. एवढ्यावरून तुम्हाला थोडे गुण देते. लग्न झालं असतं तर आपण सहा महिन्यांत एकमेकांना लेखी नोटिसा दिल्या असत्या. तरीसुद्धा नाही म्हणायचा हक्क तुम्हाला होता आणि ते ऐकायचा मला. तो दोघांचाही गेला.

गाणं माझ्या भाचीने लिहिलंय. शेवटचं कडवं ती बदलते आहे, कारण ते चूक आहे. बदलायच्या आधी तिने आपल्या मित्राला समोर बसवून चार प्रश्न विचारले. त्याने तीनची उत्तरं दिली आणि चौथ्याला वेळ मागितला. मी तिला म्हटलं, वेळ दे, पण तारीख घालून.

कागद परत पाठवते. आता वाचता येतो. मूळ पत्रही सोबत आहे, सहीसकट. ते तुमचंच होतं.

हे पत्र यंत्रावर नाही, हाताने लिहिलंय. प्रत ठेवलेली नाही. घडी लिहिलेली बाजू बाहेर ठेवून घातली आहे, पाकीट उघडताच दिसावं म्हणून.

खाली डावीकडे शाई फुटली आहे. पेन गळत नाही, पाणीही सांडलेलं नाही. काय करायचं ते अट चौथीत लिहिलंय.

टकटक